सभासदांचे नऊ फायदे

"वर्षाचे पैसे आधी भरायचे आणि जेवण मग? कोण भरेल, दादा? लोक काय लग्न करायला येतात आपल्याशी?"

"व्यायामशाळेत भरतात की! वर्षाचे भरतात, महिनाभर जातात आणि मग तिकडे फिरकतसुद्धा नाहीत."

"म्हणजे तुला लोक न आलेलेच हवेत."

"मला लोक बांधलेले हवेत! एकदा पैसे भरले की माणूस दुसरीकडे जेवायला जाताना दहादा विचार करतो. तुझ्या त्या कार्डाचं काय? दहा शिक्के, अकरावं जेवण फुकट. अगं, कार्ड पाकिटात जातं, पाकीट पँटीत जातं आणि पँट जाते धुवायला."

"पाकिटात असतं तोवर दिसतं ना! दिसलं की आठवण होते आणि आठवण झाली की पाय वळतात."

"वळायचेच असते तर ते कोपऱ्यावरच्या काचेच्या हॉटेलाकडे वळले नसते."

कोपऱ्यावर ते काचेचं हॉटेल उघडल्यापासून दुपारच्या चौदा टेबलांपैकी सहा-सात रिकामीच राहू लागली होती. काहीतरी करायला हवं, एवढ्यावर या भावाबहिणीचं एकमत होतं. दादांना वर्षाची मेंबरशिप हवी होती, ताईंना शिक्क्यांची कार्डं. आणि दोघांच्या मधोमध, आठ नंबरच्या टेबलाशी उभे राहून मामा नॅपकिनच्या घड्या घालत होते.

"मामा, तुम्ही सांगा," ताई म्हणाल्या.

"हो, मामाच सांगतील," दादा म्हणाले.

मामांनी हातातला नॅपकिन उलटा-सुलटा करून पाहिला. "याला डाग राहिलाय बघा," म्हणाले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. मालकाची दोन मुलं भांडत असतील तर धुण्याची चौकशी करावी, हे शहाणपण त्यांनी चौतीस वर्षांत कमावलं होतं.

मामा कुणाचेच मामा नव्हते. एकोणिसाव्या वर्षी ते इथे ताटं विसळायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकाच दमात अकरा ताटं फोडली. मोठे मालक, म्हणजे या दोघांचे वडील, आवाज ऐकून बाहेर आले, तुकडे बघितले आणि म्हणाले, "याला आतून बाहेर काढा. याचे हात कामाचे नाहीत, तोंड कामाचं दिसतंय." तसे मामा बाहेर आले आणि बाहेरचेच झाले. दादा आणि ताई तेव्हा काउंटरखाली खेळायचे. पडलं-धडपडलं की उचलून घ्यायला हाच माणूस जवळ असायचा, म्हणून ती त्याला मामा म्हणू लागली, मग आचारी म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं. चार वर्षांपूर्वी मोठे मालक गेले, तेव्हा स्मशानातही भेटायला आलेले लोक आधी मामांनाच भेटत होते.

त्यांची काम करायची तऱ्हाच वेगळी. मेनूकार्ड ते फक्त नव्या माणसाला द्यायचे. जुन्या माणसाला द्यायचं म्हणजे, त्यांच्या मते, घरच्या माणसाला नाव विचारण्यासारखं. वकीलबाईंना माशाबरोबर लिंबाच्या दोन फोडी लागतात, शिंपीदादांना पाव करपलेलाच आवडतो, बँकेतल्या साहेबांना जेवताना बोललेलं खपत नाही पण कॉफीबरोबर बोलल्याशिवाय राहवत नाही. दीडशे-पावणेदोनशे माणसं अशी डोक्यात. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की सूपची दुसरी वाटी न मागता यायची आणि बिलात दिसायची नाही. मोठ्या मालकांना हे ठाऊक होतं. ते कधी काही बोलले नाहीत.

"जगाच्या आवडीनिवडी पाठ," त्यांची बायको म्हणायची, "आणि घरात मीठ कुठल्या डब्यात आहे विचारा. सांगता येतंय का?"

"दुसऱ्या."

"तो चहाचा."

शेवटी भावाबहिणीत असं ठरलं, की आधी दोन महिने ताईंची कार्डं चालवून बघायची. दोन महिन्यांत वीस कार्डं पूर्ण भरून परत आली, तर कार्डंच ठेवायची. नाही आली, तर मेंबरशिप.

"आणि मेंबरशिप आली की दाराशी यंत्र बसवू," दादा म्हणाले. "सभासदाचा नंबर घालायचा, टेबल नंबर छापून येतो. मामांना तिथं छान स्टूल देऊ. बास झालं आता धावणं. गुडघे बघा त्यांचे."

दादा हे अगदी मायेने बोलले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मामांनी दारापासून टेबलांपर्यंतची पावलं मनात मोजली. दाराशी स्टुलावर बसायचं, म्हणजे टेबलांपासून चाळीस पावलं लांब. तिथून वकीलबाईंचा चेहरा कसा दिसणार? दारात तर प्रत्येक माणसाचा चेहरा सारखाच असतो, भुकेला. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, कुणाला बोलून न दाखवता, की ताईंची कार्डं जिंकलीच पाहिजेत.

आणि ते कामाला लागले.

दोन महिने झाले. सोमवारी दुपारी साडेतीनला, जेवणं आटोपून हॉटेल बंद असताना, ताईंनी काउंटरवरचा भरलेल्या कार्डांचा डबा उघडला. आत तीन कार्डं होती. त्यातल्या एकावर कॉफी सांडलेली.

ताईंचा चेहरा पडला. दादांनी चांगुलपणा करून खिडकीबाहेर बघितलं.

"थांबा थांबा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता. चमच्यांचा खण ओढून त्यांनी रबराने बांधलेला गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "मोजा!"

सत्तावीस कार्डं. सगळी भरलेली, एकेक शिक्का चौकोनाच्या बरोबर मध्ये.

"मामा!" ताई उभ्याच राहिल्या. "अहो, ही कुठे होती?"

"खणात. लोक हरवतात हो. कुणी विसरतं, कुणाचं भिजतं. म्हटलं, त्यांना कशाला ताप? माझ्यापाशीच ठेवली. आले, जेवले, की मी मारतो शिक्का."

दादांनी एक कार्ड उचललं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: निळा मफलर, मीठ कमी. दुसऱ्यावर: मुलगी परदेशी, सोमवारी विचारणे.

"मामा," दादा हळूच म्हणाले, "ही कार्डं गिऱ्हाइकांनी पाहिलीत?"

"नाही. दाखवायचं काय त्यात?"

"मग अकरावं जेवण?"

"ते दिलं की! प्रत्येकाला दिलं. बिलच नाही नेलं. कुणी मागितलं तर म्हटलं, आज राहू द्या."

ताई खाली बसल्या, मग दोन्ही हात तोंडावर ठेवून म्हणाल्या, "म्हणजे त्यांना माहीतच नाही, की त्यांचं कार्ड आहे."

"पण ते आले ना दहादा!"

"ते तसेही येतात, मामा! वीस वर्षं येतायत! जे येत नाहीत त्यांच्या खिशात कार्ड हवं होतं मला. काचेच्या हॉटेलात बसल्यावर पाकीट उघडलं की दिसायला हवं होतं. तुम्ही ते चमच्यांत ठेवलंत."

दादा हसू दाबत होते, पण दाबता आलं नाही. हसले आणि लगेच त्यांना वाईटही वाटलं. "जाऊ दे गं. सत्तावीस जेवणं गेली, एवढंच."

"जेवणांचं नाही रे." ताईंनी गठ्ठ्याचं रबर परत चढवलं. मामांकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही दाराशी बसू नये म्हणूनही मी भांडत होते मामा. तुम्ही मलाच पाडलंत."

मामा नॅपकिन शोधू लागले. आज सगळे घडी घालून झाले होते.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, निवडत असलेली भाजी बाजूला केली.

"त्यांना सांगायचं होतं एका शब्दाने, हे घ्या कार्ड."

"सांगितलं की ते मोजायला लागतात गं. सात झाले, आठ झाले. मग माणूस जेवायला नाही येत, शिक्क्याला येतो."

"अहो, त्यासाठीच काढलं होतं ना ते?"

खरं तर ते मामांना आत्ता कळत होतं.

चार दिवसांनी दादांनी मामांना बोलावलं. खिडकीजवळच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः जाऊन दोन कॉफ्या घेऊन आले. चौतीस वर्षांत या खुर्च्यांवर मामा कधी टेकले नव्हते. खुर्ची किती मऊ आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि ते कडेवरच बसून राहिले.

"मामा, मनाला लावून घेऊ नका. त्या गठ्ठ्याने माझे डोळे उघडले, खरंच सांगतो. सत्तावीस माणसं काही न मिळता इथे दहादहा वेळा येतात. का येतात? बाबा म्हणायचे, मामाला विचारा. मी कधी विचारलंच नाही. आज विचारतो." त्यांनी वही उघडली. "सांगा."

असं कुणी विचारलं की माणूस विरघळतो. मामा तर मेणाचेच. शिवाय त्यांना वाटलं, ही एक संधी आहे. आपलं काम काय असतं हे या पोराला एकदा नीट कळलं, तर तो आपल्याला स्टुलावर कशाला बसवेल? आणि ते बोलू लागले. सूपची दुसरी वाटी. थंडीत ताट गरम करून देणं. लिंबाची जास्तीची फोड. वाढदिवस लक्षात ठेवून, गाजावाजा न करता, पुडिंग. घाईत असलेल्याचं बिल जेवणाबरोबरच तयार ठेवणं. दादा लिहीत गेले. मध्येच "वा!" म्हणाले. एकदा तर म्हणाले, "मामा, तुम्ही शाळाच काढायला हवी."

"आणखी एक," मामा म्हणाले. कॉफी संपली होती, तोंड सुटलं होतं. "ते आपले चष्मेवाले आहेत ना, मागच्या गल्लीत चष्म्यांचं दुकान असलेले, चार नंबरच्या टेबलावरचे? नवरा-बायको दोघं यायची. बाई गेल्यावर महिन्याभराने ते पहिल्यांदा एकटे आले. बसले. समोर रिकामी खुर्ची. मी बघत होतो, घास उतरत नव्हता हो त्यांचा. मग मी काय केलं, काहीतरी निमित्त काढलं, पलीकडच्या टेबलाला खुर्ची कमी आहे म्हणून, आणि ती खुर्ची नेली उचलून. तेव्हापासून ते यायच्या आधीच काढतो. सहा वर्षं झाली. ते कधी बोलले नाहीत, मी कधी बोललो नाही. आता आणखी दोघा-तिघांची काढतो तशी."

दादांचं पेन थांबलं. त्यांनी मामांचा हात दाबला. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

त्याच दिवसापासून दादांनी मेंबरशिपचे अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या सोमवारी छापखान्यातून खोकी आली. प्रत्येक टेबलावर ठेवायला उभी, जाड, गुळगुळीत पाटी. वर सोनेरी अक्षरं: सभासदांचे नऊ फायदे. मामांनी चार नंबरवर पाटी ठेवली आणि चष्मा लावून वाचू लागले.

एक, सूपची दुसरी वाटी विनामूल्य. दोन, गरम ताटात जेवण. सहा, वाढदिवसाला पुडिंग. आठ, एकट्याने जेवणाऱ्या सभासदांशी आपुलकीचा संवाद. नऊ, एकट्याने जेवणाऱ्या सभासदांसाठी समोरची खुर्ची हलवण्याची सोय.

मामांनी नववी ओळ परत एकदा वाचली. मग काउंटरपाशी गेले.

"दादा, तेवढी नववी काढता येईल?"

"नववी? अहो, तीच तर सगळ्यात भारी आहे! ती वाचून माझी बायको रडली."

"ती... तशी सांगायची नसते हो."

"का?"

मामांनी तोंड उघडलं. का, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण शब्दांत कसं धरायचं? "सांगितलं की ते राहत नाही," एवढंच म्हणाले.

"मामा, सगळ्या पाट्या छापून झाल्यात," दादा समजुतीने म्हणाले. "आणि यात तुमचीच तर कमाई आहे. सगळं तुमचंच आहे हे."

मामांनी ताईंकडे बघितलं. ताई भाजीवाल्याशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी फोन कानाला तसाच धरून एक खांदा उडवला. त्यात राग नव्हता. माझ्या हातात आता काय आहे, असा तो खांदा होता.

चष्मेवाले मंगळवारी आणि शुक्रवारी येत. मंगळवारी मामांनी सव्वाबारालाच चार नंबरची पाटी उचलून मिठाच्या कपाटात ठेवली. चष्मेवाले आले, जेवले, हवेबद्दल बोलले, छत्री विसरले, परत येऊन घेऊन गेले. मामांनी सुटकेचा श्वास टाकला. असं किती मंगळवार चालेल याचा विचार करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी दाराशी यंत्र बसलं.

स्टूल खरंच चांगलं होतं, गादीचं, मागे टेकायला पाठ असलेलं. दादांनी स्वतः निवडून आणलं होतं. "फक्त आजपासून इथून हलायचं नाही," ते हसत म्हणाले. "नंबर विचारायचा, बटण दाबायचं. सभासद नसेल तर हा अर्ज. टेबलांचं मी बघतो." आणि मेंबरशिप चालली होती, हे नाकारून चालणार नव्हतं. चौदापैकी बारा टेबलं भरली होती. दारात यंत्रापुढे रांग होती.

"नंबर?" मामा विचारत. "नंबर?" लोक सांगत. वकीलबाई आल्या, तेव्हाही "नंबर?" असंच तोंडून निघालं. बाई हसल्या, त्यांना गंमत वाटली.

पावणेएकला चष्मेवाले आले. त्यांना नंबर नव्हता. मामांनी न विचारताच बटण दाबून चारची चिठ्ठी काढली.

"इकडे कसे आज?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"गुडघे," मामा म्हणाले.

रांगेतल्या बाईला पोरगं आवरत नव्हतं, मागचा माणूस घड्याळ बघत होता. मामा मान लांब करून चार नंबरकडे बघू लागले. दादा लगबगीने तिथे गेले, वाकून काहीतरी बोलले आणि समोरची खुर्ची अगदी झोकात उचलून बाजूला केली. मग पाटीवर बोट ठेवलं. नवव्या ओळीवरच असणार.

"अहो, सत्तेचाळीस! सत्तेचाळीस नंबर म्हणतोय मी," रांगेतला माणूस म्हणाला.

मामांनी सत्तेचाळीस दाबलं. परत बघितलं, तर चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला होता आणि पाटी डोळ्यांजवळ धरली होती. गिऱ्हाइकाच्या जुन्या भिंगावरचे ओरखडे बघावेत तसे ते एकेक ओळ वाचत होते. सूप आलं. त्यांनी चमचा उचलला नाही. मामा स्टुलावरून अर्धे उठले. "मामा, रांग!" काउंटरवरून दादांचा प्रेमळ आवाज आला. मामा बसले.

दहा मिनिटांत चष्मेवाले दाराशी आले. पूर्ण जेवणाचं बिल भरलेलं, हातात छत्री.

"इतक्यात?" मामा म्हणाले. "मासा चांगला आहे आज."

"असेल." चष्मेवाले रांगेला वाट देत बाजूला उभे राहिले. मग सावकाश विचारलं, "ती खुर्ची. सगळ्यांची काढता?"

"नाही हो! म्हणजे... दोघा-तिघांची. पण पहिल्यांदा तुमचीच. तुमच्यासाठीच सुचलं मला ते."

"आणि मग चालायला लागलं."

"चालायला नाही हो लागलं. दादांनी विचारलं, मी सांगून बसलो. मला काय माहीत ते छापतील!"

"मला वाटायचं, तुम्हाला आमची ही आठवते म्हणून काढता."

"आठवतात ना! तुमच्या ताटातल्या काकड्या उचलायच्या. तुम्ही बघत नसताना. तुम्ही बघतच असायचात." मामा स्टुलावरून खाली उतरले. "मी विसरेन का?"

"नंबर चौसष्ट," पुढची बाई म्हणाली. मामांनी हात वर करून तिला थांबवलं. ती थांबली, पण नाखुशीने.

चष्मेवाल्यांनी यंत्राकडे बघितलं, यंत्राशेजारच्या कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. वरचा अर्ज किंचित तिरका झाला होता, तो त्यांनी बोटाने सरळ केला.

"मंगळवारी मी स्वतः वाढतो तुम्हाला," मामा घाईघाईने म्हणाले. "दादांना सांगतो, एक तास सोडा म्हणून. सोडतील. पाटी नसेल टेबलावर. याल ना मंगळवारी?"

चष्मेवाल्यांनी दार ढकललं, बाहेरून आत येणाऱ्या दोघांसाठी ते क्षणभर धरून ठेवलं आणि ते दोघे आत आल्यावर मागे न बघता रस्त्याला लागले.